हात धुण्याची सक्ती करणारे सेमेलवाइस

प्रसूतिशास्त्रज्ञ इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे झाला. १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात रुजू झाले. तेथे डॉक्टर व विद्यार्थ्यांच्या प्रसूतिकक्षात बाळंतज्वराचे बळी सुईणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक होते. मार्च १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून त्यांचे स्नेही प्रा. कोलेत्श्का दगावले, त्यांच्या शरीरातील विकृती बाळंतज्वरासारखीच आढळली. शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणारे डॉक्टरांचे हातच मृत्यूचे वाहक आहेत, हे सेमेलवाइस यांनी ओळखले. मे महिन्यात त्यांनी क्लोरिनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेला मृत्युदर जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आला.

तरीही आपणच रोग पसरवतो, हे अनेक वरिष्ठांना मानवले नाही. १८४९ मध्ये सेमेलवाइस यांना मुदतवाढ नाकारण्यात आली. १८६१ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. पण विरोधकांना खुनी ठरविणाऱ्या त्यांच्या जाहीर पत्रांनी कटुताच वाढली. १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी, मनोरुग्णालयात त्यांचे निधन झाले. पुढे जंतुशास्त्राने त्यांची बाजू खरी ठरविली.

आरोग्य कर्मचाऱ्यांना फ्लूची लस सक्तीची असावी काय, या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. लस शरीरात जाते, हातावरचे द्रावण धुऊन जाते. त्यामुळे संमतीचा मुद्दा येथे अधिक नाजूक ठरतो. मात्र आपल्यामुळे रुग्णाला रोग होऊ नये, हे कर्तव्य दोन्हीकडे सारखेच आहे. ते नुसत्या हुकमाने अंगी बाणत नाही, हेही सेमेलवाइस यांचे आयुष्य सांगते.