सुईला चाकोरी देणारा संशोधक : एमिल बर्लिनर

टर्नटेबलवर दोन तबकड्यांचे संगीत एकमेकांत मिसळणारे आणि मध्येच तबकडी हाताने मागेपुढे ओढून तिच्यातून खरखरीत ताल काढणारे डीजे आपली सुई चोखंदळपणे निवडतात. तबकडी उलट फिरवली तरी सुईने चर सोडता कामा नये, ही त्यांची पहिली अट असते. ही अट पूर्ण होण्याजोगी तबकडी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी वॉशिंग्टन येथील एका प्रयोगशाळेत आकाराला आली. तिचे जनक होते एमिल बर्लिनर. जगाला ग्रामोफोन देणाऱ्या या संशोधकाला पुढे आपल्याच कर्मभूमीत ग्रामोफोन विकण्याची बंदी झाली, हा त्यांच्या जीवनातील मोठा दैवदुर्विलास होय.

बर्लिनर यांचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील व्यापारी व धर्मग्रंथांचे अभ्यासक होते, तर आईला संगीताची आवड होती. कुटुंब मोठे आणि प्राप्ती बेताची, त्यामुळे वयाच्या १४ व्या वर्षी त्यांचे शालेय शिक्षण संपले. छापखान्यात उमेदवारी आणि कापडाच्या दुकानात नोकरी करून ते घराला हातभार लावू लागले. सक्तीची लष्करी सेवा टाळण्यासाठी १८७० मध्ये ते अमेरिकेस गेले आणि वॉशिंग्टनमधील एका परिचिताच्या कापड दुकानात कामाला लागले. पुढे न्यूयॉर्कमध्ये दिवसा मिळेल ते काम आणि रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये अध्ययन असा त्यांचा क्रम होता. सॅकरिनचे संशोधक कॉन्स्टंटाइन फाल्बर्ग यांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे कामही त्यांनी केले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. विज्ञानाची ओळख त्यांना झाली ती अशा कामांतून आणि वाचनातून.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा दूरध्वनी १८७६ मध्ये जगापुढे आला, तेव्हा त्यातील आवाज फार क्षीण होता. दोन विद्युतवाहकांचा परस्परांना सैल स्पर्श ठेवल्यास त्यावरील दाबानुसार विद्युतप्रवाह कमी-अधिक होतो, या तत्त्वावर बर्लिनर यांनी १८७७ मध्ये आपल्या खोलीवर ध्वनिप्रेषक तयार केला. बेल यांच्या कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि बर्लिनर यांना नोकरीही दिली. या शोधाच्या श्रेयावरून पुढे दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालले. मात्र त्यातून बर्लिनर यांना आर्थिक स्थैर्य लाभले. काही वर्षांनी नोकरी सोडून ते वॉशिंग्टनला परतले व स्वतंत्र संशोधन करू लागले.

थॉमस एडिसन यांचा फोनोग्राफ १८७७ मध्येच अवतरला होता. त्यात फिरत्या नळकांड्यावर सुई खालीवर होत असे आणि ध्वनीच्या चढउतारानुसार चराची खोली बदलत असे. सुईला पुढे सरकवण्यासाठी यंत्रात आटे पाडलेल्या दांड्याची योजना करावी लागे. शिवाय नळकांड्यांच्या प्रती सहज निघत नसत. त्यामुळे अनेक प्रती हव्या असल्यास गायकाला तेच गीत पुन्हा पुन्हा गावे लागे.

बर्लिनर यांनी वेगळी वाट धरली. लिओं स्कॉट या फ्रेंच संशोधकाने १८५७ मध्ये काजळी लावलेल्या पृष्ठभागावर ध्वनीच्या लहरी आडव्या रेषेत उमटवल्या होत्या. बर्लिनर यांनी ती कल्पना उचलली. चराची खोली सर्वत्र सारखी ठेवून सुई डावीउजवीकडे हलवायची, असे त्यांनी ठरवले. या पद्धतीचे एकस्व त्यांना ८ नोव्हेंबर १८८७ रोजी मिळाले. लवकरच त्यांनी नळकांडे सोडून सपाट तबकडीचा स्वीकार केला. या पद्धतीत चरच सुईला वाट दाखवतो. बैलगाडीचे चाक जसे चाकोरीतून जाते, तशी सुई चरातून आपोआप पुढे सरकते.

जस्ताच्या तबकडीवर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्यावर ध्वनिरेषा ओढायची आणि मग तबकडी आम्लात बुडवायची, अशी त्यांची कृती होती. जेथे मेण खरवडले गेले, तेथे आम्ल धातूला खाऊन चर पाडत असे. अशा तबकडीवरून उलटा साचा घेऊन त्यापासून हव्या तितक्या प्रती काढता येत. छापखान्यातील उमेदवाराला ही कल्पना सुचावी, यात नवल नाही. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक केले.

तथापि आरंभी या यंत्राकडे खेळणे म्हणूनच पाहिले गेले. जर्मनीतील एका खेळण्यांच्या कारखान्याने हाताने फिरवायचे छोटे ग्रामोफोन विक्रीस आणले. हात थोडा जरी अडखळला तरी सूर ढळत असे. १८९६ मध्ये न्यू जर्सीतील यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन यांनी एकसारखी गती देणारी स्प्रिंगची मोटार पुरवली आणि ही अडचण दूर झाली.

तबकडीच्या द्रव्याचा प्रश्नही याच सुमारास सुटला. कठीण रबराच्या तबकड्या वाकत असत. १८९५ मध्ये गुंड्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या साहाय्याने लाखेच्या मिश्रणाचा वापर सुरू झाला. त्या काळी जगाला लागणारी बहुतांश लाख भारतातून जात असे आणि छोटा नागपूरची जंगले तिचे प्रमुख उगमस्थान होती. या मिश्रणातील कठीण भुकटी पोलादी सुईचे टोक घासून त्याला चराचा आकार देई. म्हणूनच तबकडीची एक बाजू वाजली की सुई बदलण्याचा प्रघात पडला. भारतीय घरांत ‘पिन’ या नावाने परिचित झालेली सुई ती हीच.

व्यवसाय भरभराटीस येत असतानाच घाला पडला. अमेरिकेतील विक्रीचे हक्क फ्रँक सीमन यांच्याकडे होते. त्यांच्याशी वितुष्ट आले आणि जून १९०० मध्ये न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे बर्लिनर यांची अमेरिकेतील विक्री थांबली. त्यांनी आपला व्यवसाय कॅनडातील माँट्रियल येथे नेला. जॉन्सन यांनी १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी स्थापन केली. अमेरिकेत ग्रामोफोन हा शब्द मागे पडला व तबकडी वाजवणाऱ्या यंत्रालाही लोक फोनोग्राफ म्हणू लागले.

अन्यत्र मात्र त्यांचे कार्य वाढत होते. लंडनची ग्रामोफोन कंपनी आणि हॅनोव्हर येथील डॉइच ग्रामोफोन या संस्था १८९८ मध्येच उभ्या राहिल्या होत्या. बर्लिनर यांच्याकडे उमेदवारी केलेले फ्रेड गेसबर्ग लंडनच्या कंपनीतर्फे १९०२ मध्ये कोलकात्यास आले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले आणि त्या तबकड्या हॅनोव्हरला तयार होऊन भारतात आल्या. गायनाच्या अखेरीस ऐकू येणारा नामोच्चार परदेशी कारागिरांना ध्वनिमुद्रण ओळखता यावे यासाठी असे. पुढे बालगंधर्वांची नाट्यपदे मराठी घराघरांत पोहोचली, ती याच तबकड्यांवरून.

बर्लिनर यांनी लोकांच्या आरोग्यासाठीही मोठे कार्य केले. आपल्या लहान मुलीच्या आजारपणानंतर ते बालमृत्यूंच्या कारणांकडे वळले. दूध निर्जंतुक करूनच वापरावे, यासाठी त्यांनी अनेक वर्षे स्वखर्चाने प्रचार केला. विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांसाठी आईच्या नावाने अभ्यासवृत्ती ठेवली. उतारवयात पुत्र हेन्री यांच्यासह हेलिकॉप्टरचेही प्रयोग केले. ३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर लाखेची जागा व्हिनाइलने घेतली, पोलादी सुईऐवजी हिऱ्याचे सूक्ष्म टोक आले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ तबकड्या रूढ झाल्या. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील तरुणांनी तबकडी हाताने मागेपुढे फिरवून नवे वादनतंत्र घडवले. हे तंत्र वापरणारे डीजे बहुधा गोलाकार टोकाची सुई पसंत करतात, कारण ती उलट गतीतही चर धरून ठेवते. लंबवर्तुळाकार टोक बारीक स्वर अधिक स्पष्ट उचलते, म्हणून ते केवळ ऐकण्यासाठी व संथ मिश्रणासाठी उपयोगी पडते. वारंवार उलट फिरवल्यास मात्र त्याने तबकडी अधिक झिजण्याची शक्यता असते. संगीत ऐकताना सुईचा भार दीड-दोन ग्रॅम पुरतो, तर या तंत्रासाठी तो सामान्यतः ३ ग्रॅम वा त्याहून अधिक ठेवतात.

ज्या तबकडीला हात लावू नये असे घराघरांत बजावले जाई, तिलाच या तरुणांनी वाद्य बनवले. बर्लिनर यांनी त्याची कल्पनाही केली नसेल. परंतु हाताने कितीही मागेपुढे ओढली तरी सुई वाट चुकत नाही, याचे कारण त्यांनी १८८७ मध्ये तिला घालून दिलेली चाकोरी हेच आहे.