नामदार गोखले आणि त्यांचे फेटाळलेले विधेयक

विद्यार्थी मित्रांनो, कायदा कसा होतो हे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. विधेयक, ठराव, पुरवणी प्रश्न हे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात आणि पुढे विसरले जातात. पण ज्यांनी या साधनांचा लोकांसाठी उपयोग केला, त्यांचे चरित्र वाचले म्हणजे याच शब्दांत प्राण येतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे अशा थोर पुरुषांपैकी एक होत. त्यांनी मांडलेले सर्वांत महत्त्वाचे विधेयक सभागृहात पडले. तरीही आपल्या मुलाबाळांना आज शिक्षणाचा जो हक्क आहे, त्याची वाट त्या विधेयकाने दाखविली.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावाला शिक्षणासाठी पाठवू लागले. त्या आठ रुपयांचे मोल गोपाळराव जन्मभर विसरले नाहीत. १८८४ साली ते बी.ए. झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर त्यांनी सेवा केली आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकविले. अंकगणितावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध होते. हे अंकगणितच पुढे सभागृहात त्यांचे हत्यार ठरले.

१८९९ साली ते मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात आणि १९०२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. त्या कौन्सिलात सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत असे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती. मात्र उत्तर अपुरे वाटले तरी पुरवणी प्रश्न विचारता येत नसे आणि अंदाजपत्रकावर मतदानही होत नसे. अशा बांधलेल्या हातांनी काय करायचे, असे म्हणून दुसरा कोणी गप्प बसला असता. गोखल्यांनी सरकारचेच अहवाल आणि आकडे बारकाईने अभ्यासले. १९०२ च्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात त्यांनी दाखवून दिले की, रयत दुष्काळाने गांजलेली असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत. गरिबाच्या मिठावरील कराविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने उतरून १९०७ साली एक रुपयावर आला.

१९०९ च्या सुधारणांनी प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्न विचारण्याचा आणि सभासदांना ठराव मांडण्याचा अधिकार मिळाला. गोखल्यांनी तो लगेच वापरला. मार्च १९१० मध्ये त्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. आश्वासनातून फारसे काही निघाले नाही, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःच विधेयक आणले.

विधेयक अतिशय सावध होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे पालकांवर बंधनकारक व्हावे. पण ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीच शिकत आहेत, तेथेच आणि तेथील स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. आरंभ मुलांपासून, मुलींचा क्रम मागाहून. देशात शंभरात जेमतेम सहा माणसे साक्षर असताना ही मागणी मोठी म्हणता येणार नाही. बडोदे संस्थानात तर सयाजीराव महाराजांनी १९०६ सालीच शिक्षण सक्तीचे केले होते.

येथे आपल्या समाजाने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. सक्ती झाली तर आपल्या मुलांची उर्दू सुटेल, अशी शंका काही मुस्लिम पुढाऱ्यांना आली. गोखल्यांनी ती धुडकावली नाही. एका भाषेची पंचवीस मुले शाळेत असतील तेथे त्यांना त्या भाषेत शिकविण्याची सोय असावी, आणि संख्या त्याहून कमी असेल तर सक्ती स्वीकारावी की नाही हे त्या समाजाने ठरवावे, अशी तरतूद करण्याची तयारी त्यांनी दाखविली. बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. याच जिनांनी त्याच मार्च महिन्यात वक्फविषयक खाजगी विधेयक मांडले होते. ते १९१३ साली मंजूर झाले.

गोखल्यांच्या विधेयकाला मात्र यश आले नाही. ते प्रवर समितीकडे पाठवावे या प्रस्तावावर १८ व १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा झाली. लोकांची मागणी नाही, पैसा नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, असे सरकार पक्षाने सांगितले. बाजूने तेरा आणि विरुद्ध अडतीस मते पडली. निकाल काय लागणार हे गोखल्यांना ठाऊक होते, तरीही त्यांनी मतदान मागितले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे पुण्यात निधन झाले.

पण कागदावर आलेली मागणी पुसली गेली नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने मुंबई प्रांतातील नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत तीच मागणी आली. २००२ च्या घटनादुरुस्तीने ती मूलभूत हक्क झाली. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला आणि त्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींमध्ये भेद ठेवला नाही. तेरा मतांच्या त्या पराभवाला तोवर अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.

गोखल्यांच्या काळी आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. येथल्या रयतेचा प्रतिनिधी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात नव्हता. लोकसभेत आपला खासदार पोहोचला तो १९५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर. १९६७ साली तर एके काळी तलाठी असलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांना बीडकरांनी लोकसभेत पाठविले. मंत्री नसलेल्या सभासदालाही तेथे विधेयक मांडता येते. स्वातंत्र्यानंतर संसदेने मंजूर केलेले पहिले खाजगी विधेयक सय्यद महंमद अहमद काझमी यांचे, वक्फसंबंधीचे होते. १९५४ साली त्याचा कायदा झाला.

पालक बंधुभगिनींनो, शाळेला शिक्षक कमी असतील, मुलींच्या वसतिगृहाचे काम अडले असेल, तर ती गोष्ट चहाच्या टपरीवर बोलून सुटत नाही. आकडे गोळा करून, अर्ज लिहून आपल्या आमदार-खासदारांकडे नेली, तर सभागृहात तिचा प्रश्न होऊ शकतो आणि शासनाला उत्तर द्यावे लागते. मात्र अर्ज लिहायला आणि आलेले उत्तर तपासायला घरात शिकलेले माणूस हवे. म्हणून मुलाबरोबर मुलीचेही शिक्षण मध्येच थांबवू नका. गोविंदरावांच्या आठ रुपयांनी एका घरातला एक मुलगा शिकला, आणि त्याने साऱ्या देशातील मुलांसाठी शाळा मागितली.