रावबहादूर लोखंडे आणि सुटीचा दिवस

सार्वजनिक सुटीच्या दिवशी दुकाने उघडी असावीत काय? गुलमंडीवरच्या व्यापाऱ्याच्या मते नोकरदार गिऱ्हाइकाला सवड मिळते ती त्याच दिवशी. तेव्हाच दुकान बंद ठेवणे म्हणजे दारी आलेली लक्ष्मी परतवणे होय. हे म्हणणे खोटे नाही. शिक्षकाने आणि कारकुनाने तरी मुलांचे कपडे एरवी घ्यावेत केव्हा? परंतु ते कपडे उलगडून दाखवणाऱ्या नोकराची सवड कोणती, हे कोणी विचारीत नाही. हा प्रश्न नेटाने लावून धरणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण म्हणून अगत्याचे वाटते.

लोखंडे यांचा जन्म 1848 मध्ये ठाण्याचा. रेल्वे व टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे ते आपल्यासारखेच लेखणीवर पोट भरणारे. पण गिरणीतले हाल ते रोज पाहत होते. सत्यशोधक समाजाच्या या कार्यकर्त्याने कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ 1880 पासून मुंबईत चालवले आणि 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्याच वर्षी 5,500 कामगारांच्या वतीने सरकारकडे अर्ज गेला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पगार वेळेवर. अशा त्यातील काही मागण्या; त्यांपैकी सुटी मिळण्यास सहा वर्षे लागली.

विरोध केवळ मालकांचा असता तर नवल नव्हते. गिरण्यांवर निर्बंध यावेत, ही मँचेस्टरच्या कारखानदारांचीही इच्छा होती. त्यामुळे कामगारांची बाजू घेणारा तो स्वदेशी धंद्याचा वैरी, असा संशय भल्याभल्या देशभक्तांनी घेतला. लोखंडे मागे हटले नाहीत. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे 10,000 कामगार जमले. दोन स्त्री-कामगारांनीही तेथे भाषणे केली. अखेर 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे 1895 मध्ये लोखंडे रावबहादूर झाले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी प्लेगने त्यांचा अंत झाला.

निजामी राजवटीतील आपल्या मराठवाड्यात तेव्हा सुटीचा वार शुक्रवार होता. याचा अर्थ वार महत्त्वाचा नाही. तो दिवस कामगाराच्या हाती हक्काने पडतो की नाही, हे महत्त्वाचे. 1948 च्या मुंबई दुकाने कायद्याने आठवड्यातून एकदा दुकानच बंद ठेवायला लावले होते. 2017 च्या नव्या कायद्याने वर्षाचे 365 दिवस व्यवहाराची मुभा दिली; मात्र कामगाराची साप्ताहिक सुटी राखली आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर धरून 8 भरपगारी सुट्याही सांगितल्या. मोठ्या दुकानात पाळी लावून हे जमते. जिथे दोनच नोकर आहेत, तिथे दुकान उघडे राहिले की नोकराची सुटी बहुधा बुडते. आणि 1 मे रोजी ‘सूट’ जाहीर होते ती मालावर!

दुकाने उघडण्यास आमची हरकत नाही. पूर्वी ‘सोमवारी बंद’ अशी पाटी दुकानावर असे. आता कोणत्या नोकराची सुटी कोणत्या दिवशी, हे दर्शनी भागात लिहावे. गिऱ्हाइकाने ते वाचावे आणि सुटीवरचा माणूस दुकानात राबताना दिसला तर मालकाला विचारावे.