नावाचं स्पेलिंग चुकलं आणि पायलट हरवला: श्रीकृष्ण वेलिणकर

7/12 वर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर किती फेऱ्या माराव्या लागतात, हे आम्हा मावळातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. मुंबईच्या एका फायटर पायलटच्या बाबतीत असंच झालं. पण तिथे प्रश्न जमिनीचा नव्हता, त्याच्या कबरीचा होता.

श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजला शिकले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात ऑफिसर म्हणून विमान उडवणारे भारतीय अगदी बोटांवर मोजण्याइतके, त्यांपैकी ते एक. 1918 मध्ये फ्रान्समध्ये 23 नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये ते 'सॉपविथ डॉल्फिन' चालवत होते. एका सीटचं, एकावर एक दोन पंखांचं हे विमान. वरचा पंख इतका खाली होता की पायलटचं डोकं त्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून बाहेर यायचं. आकाश छान दिसायचं, पण उतरताना विमान उलटलं तर पहिला मार डोक्यालाच. रडार नव्हतं, पॅराशूटही नव्हतं.

27 जून 1918 ला ते गस्तीवर गेले आणि परतलेच नाहीत. जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती लागले आणि 30 जूनला वारले. जर्मनांनी त्यांना दफन केलं, पण नोंदीत नाव पडलं 'वुमकर'. त्यामुळे युद्ध संपल्यावरही बराच काळ त्यांचा पत्ता लागेना.

मला यातलं स्पेलिंग बघावंसं वाटलं. रोमन लिपीत वेलिणकरची 8 अक्षरं, वुमकरची 6. पहिलं अक्षर आणि शेवटचं 'कर' तेच आहे, घोळ फक्त मधल्या अक्षरांत. घाईत, जोडून लिहिलं तर असं वाचलं जाऊ शकतं.

आज सॉफ्टवेअर अशी नावं कशी जुळवतं? एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी, गाळावी किंवा घालावी लागतात, ते मोजतं. याला 'लेव्हनश्टाइन अंतर' म्हणतात. इथे ते 4 येतं, म्हणजे 8 अक्षरांच्या नावासाठी खूपच जास्त. नुसत्या नावावर मॅच मिळणार नाही. म्हणून चांगली सिस्टिम सोबत तारीख, ठिकाण आणि हुद्दाही तपासते.

तेव्हा हे काम माणसांनी कागद चाळून केलं. आज फ्रान्समधल्या हँगार्डच्या युद्ध स्मशानभूमीत त्यांची कबर आहे, आणि तिच्यावर नाव वेलिणकर असंच आहे.