३३ वर्षं बिनादगडाची कबर : बेसी स्मिथची गोष्ट

४ ऑक्टोबर १९३७. फिलाडेल्फियात बेसी स्मिथची अंत्ययात्रा निघाली तेव्हा हजारो माणसं रस्त्यावर उतरली होती. पण गर्दी पांगली आणि तिच्या कबरीवर नावाचा दगडही बसला नाही. जिच्या रेकॉर्ड लाखांनी खपल्या, तिची ही गत!

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावात १८९४ च्या सुमारास जन्मलेली बेसी लहानपणीच आईबापाविना पोरकी झाली. थोरल्या बहिणीने घर सांभाळलं. भाऊ अँड्र्यू गिटार वाजवायचा आणि ही पोर रस्त्याच्या कोपऱ्यावर गायची, नाचायची. समोर पडलेल्या चिल्लरीचा घराला आधार. १९१२ मध्ये दुसऱ्या भावाच्या ओळखीने ती एका फिरत्या कंपनीत शिरली, तीही नाचणारी म्हणून. कारण गायला तिथे मा रेनी आधीच होती. रेनीने तिला गाणं शिकवलं असं सर्रास सांगतात, पण गळा तिने घरूनच आणला होता. मायक्रोफोनशिवाय अख्खा तंबू भरून टाकणारा गळा!

गंमत म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांना हाच आवाज आधी फार रांगडा वाटला. अखेर फेब्रुवारी १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीने तिच्याकडून ‘डाउनहार्टेड ब्लूज’ गाऊन घेतलं. गाणं जुनंच, आल्बर्टा हंटरने आधी गायलेलं. तरी सहा महिन्यांत सुमारे पावणेआठ लाख तबकड्या खपल्या. करारात मात्र गोम होती. वापरण्याजोग्या दर गाण्यामागे १२५ डॉलर मिळणार, पण रॉयल्टीचं कलम खोडलेलं. सुमारे १६० गाणी तिने ध्वनिमुद्रित केली, त्यात लुई आर्मस्ट्राँगच्या साथीने १९२५ मध्ये गायलेलं ‘सेंट लुई ब्लूज’ही आलं. तबकड्या कितीही खपल्या तरी तिच्या पदरात पडली ती ठरलेली बिदागीच.

खरी कमाई दौऱ्यांची. काळ्या कलाकारांमध्ये तिच्याइतकी कमाई त्या काळात क्वचितच कुणाची असेल. दक्षिणेतली हॉटेलं काळ्यांना दारात उभं करत नसत, म्हणून तिने कंपनीसाठी स्वतःचा रेल्वेचा डबाच घेतला. झोपणं, जेवणं सगळं त्यात. १९२७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात कू क्लक्स क्लानचे बुरखेधारी तिच्या तंबूच्या खुंट्या उपटायला आले, तेव्हा ती एकटी बाहेर येऊन शिव्या घालत त्यांच्यावर धावून गेली आणि ते पळाले, असं तिच्या ताफ्यातली माणसं सांगत.

मग रेडिओ आला, बोलपट आला, मंदी आली. १९३१ मध्ये कोलंबियाने तिला सोडलं. १९३३ मध्ये जॉन हॅमंडने तिच्याकडून शेवटची चार गाणी करून घेतली, मोबदला दर गाण्याला साडेसदतीस डॉलर. कुठे १२५ आणि कुठे हे!

२६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ तिची गाडी एका ट्रकवर आदळली. गोऱ्यांच्या इस्पितळाने दाखल करून घेतलं नाही म्हणून ती गेली, ही कथा हॅमंडच्याच एका लेखातून पसरली आणि पुढे तिच्यावर नाटकही आलं. प्रत्यक्षात तिला थेट काळ्यांच्या इस्पितळात नेलं होतं. उजवा हात कापावा लागला, रक्तस्राव फार झाला होता. त्याच दिवशी दुपारच्या आत ती गेली. काळ्यांना वेगळं इस्पितळ होतं, हे मात्र कथेतलं नव्हे, खरंच होतं.

दगड बसला ऑगस्ट १९७० मध्ये. खर्च दोघींनी केला. एक गोरी रॉक गायिका जॅनिस जोप्लिन, बेसीच्या रेकॉर्ड ऐकत घडलेली. दुसरी वुआनिता ग्रीन. लहानपणी ती बेसीच्या स्वयंपाकघराची फरशी पुसायची. तिचं गाणं ऐकून बेसीने तिला सरळ सांगितलं होतं की तुला गाता येत नाही, शाळा सोडू नकोस. तिने सोडली नाही. ती नर्स झाली, पुढे स्वतःची शुश्रूषागृहं चालवू लागली.

जोप्लिन मात्र दोन महिन्यांतच गेली, ४ ऑक्टोबर १९७० ला. बेसीच्या अंत्ययात्रेला त्याच दिवशी ३३ वर्षं झाली होती.