बाबासाहेबांनी विद्येची किंमत कशी मोजली?



निकाल लागले की तुमच्या घरात एकच चर्चा सुरू होते. मुलाला कोणत्या कॉलेजात घालावे? नावाजलेल्या कॉलेजाचा खर्च झेपेल काय? अशा वेळी बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन डोळ्यांसमोर आणा.

एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झालेले भीमराव 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. न्यूयॉर्कसारख्या शहरात राहूनही त्यांनी चैनीत पैसा घालवला नाही. त्याच पैशातून घरी पाठवले, पुस्तके घेतली. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान असे अनेक विषय अभ्यासून 1915 साली ते एम. ए. झाले.

1916 साली ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास गेले. तेथे काय घडले, हे तुम्ही विसरू नका. एवढा विद्वान मनुष्य, पण त्याला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलून दिले गेले. जगप्रसिद्ध विद्यापीठाच्या पदवीने अस्पृश्यतेचा डाग पुसला नाही.

म्हणून त्यांनी विद्या सोडली काय? नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. 1922 साली बॅरिस्टर, 1923 साली डी. एस्सी. झाले. या पदव्यांची खरी किंमत मात्र मुंबईत माता रमाईने चुकती केली. तिने अर्धपोटी राहून संसार ओढला.

आता हिशेब पाहा. त्या विद्येच्या बळावर त्यांनी 1925 साली रुपयाच्या प्रश्नावर शाही आयोगापुढे साक्ष दिली, पुढे घटना लिहिली. आणि आपल्या मुलांना विद्येसाठी सातासमुद्रापार जावे लागू नये, म्हणून 1946 साली मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता येई.

तेव्हा कॉलेज निवडताना केवळ नावाला भुलू नका आणि केवळ खर्चाला भिऊ नका. तेथे काय शिकायला मिळेल, खर्चाचा भार घरात कोणाच्या पाठीवर पडेल आणि शिकून मुलगा वा मुलगी समाजाला काय परत देईल, हे तीन प्रश्न विचारा. मोठ्या विद्यापीठात जाण्याची संधी मिळाली तर जरूर घ्या, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरा. पण ज्या आईने उपास काढले तिला विसरायला लावील, अशी पदवी कितीही मोठी असली तरी महागच पडते.

जयभीम!