बॉस्टनने परत पाठवलेला माणूस

अमेरिकेत आपले कुणीच नाही, असे घर आता आपल्या मध्यमवर्गीय वस्त्यांतून शोधूनच काढावे लागेल. त्यामुळे तिकडचे वाद फोनवरून थेट आपल्या दिवाणखान्यात येऊन पोहोचतात. गेली काही वर्षे असा एक शब्द सारखा कानावर पडतो, सँक्च्युअरी सिटी. आपण त्याला अभयनगर म्हणू. कागदपत्रांवाचून देशात राहिलेल्या परदेशी माणसाला पकडण्याच्या कामी आमचे पोलीस वॉशिंग्टनच्या सरकारला हातभार लावणार नाहीत, असे ठरवणारे शहर म्हणजे अभयनगर. केंद्राचा कायदा मोठा की गावाचा ठराव, असा हा झगडा आहे आणि ऐकणाऱ्याला तो काल-परवाचा वाटतो. मला मात्र तो ऐकला की दर वेळी एक माणूस आठवतो. त्याचे नाव अँथनी बर्न्स. त्याला जाऊन एकशे साठ वर्षांहून अधिक काळ लोटला.

बर्न्सचा जन्म १८३४ सालचा, व्हर्जिनिया राज्यातल्या स्टॅफर्ड परगण्यातला. तेरा भावंडांतला तो शेंडेफळ. आई मालकाच्या घरची स्वयंपाकीण. तिथला कायदा असा की आई ज्याची, मूलही त्याचेच. म्हणून बर्न्स जन्मतःच सटल कुटुंबाच्या मालमत्तेत जमा झाला. थोरला मुलगा चार्ल्स सटल कर्ता झाल्यावर त्याने या पोराला वर्षाच्या कराराने इतरांकडे भाड्याने द्यायला सुरुवात केली. राबायचे बर्न्सने आणि मजुरी जायची सटलकडे. लाकडाच्या गिरणीत काम करताना चाकात सापडून त्याचा हात कायमचा अधू झाला. पण एका घरी कामाला असताना तिथल्या मुलांकडून त्याने अक्षरे शिकून घेतली. गुलामाला लिहिता-वाचता येणे ही त्या मुलखात धोक्याची गोष्ट समजली जाई. पुढे बॅप्टिस्ट पंथाचा बाप्तिस्मा घेऊन तो आपल्या लोकांना प्रवचनेही देऊ लागला.

१८५४ च्या सुरुवातीला तो रिचमंड शहरात भाड्याने कामाला होता. बंदरातल्या एका खलाशी मित्राच्या मदतीने तो उत्तरेकडे निघालेल्या जहाजात एका अरुंद जागेत लपला आणि थंडीने काकडत, उलट्यांनी बेजार होत बॉस्टनला उतरला. तिथे ब्रॅटल स्ट्रीटवरच्या कॉफिन पिट्स नावाच्या कृष्णवर्णीय कापडविक्रेत्याकडे त्याला नोकरी मिळाली. आयुष्यात पहिल्यांदाच मजुरी त्याच्या स्वतःच्या खिशात पडू लागली.

त्याला पकडून दिले ते त्याच्याच एका पत्राने. गुलामीत राहिलेल्या भावाला खुशाली कळवावी म्हणून त्याने पत्र लिहिले. ठिकाणा कळू नये म्हणून ते कॅनडामार्गे पाठवले, पण वर गावाचे नाव घातले बॉस्टन. पत्र सटलच्या हाती पडले. २४ मे १८५४ च्या संध्याकाळी दुकान बंद करून घरी निघालेल्या बर्न्सला चोरीच्या खोट्या आरोपाखाली अडवण्यात आले आणि उचलून न्यायालयाच्या इमारतीत नेण्यात आले. दिव्याच्या उजेडात समोर उभा राहिला तो प्रत्यक्ष सटल. जन्माच्या सवयीने बर्न्स त्याच्याशी अदबीने बोलला. ते दोन-चार शब्दच पुढे त्याच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरले.

आता कायद्याची गोष्ट थोडी समजून घेतली पाहिजे. मॅसॅच्युसेट्स राज्यात गुलामगिरी केव्हाच बंद झाली होती. पण दक्षिणेतल्या राज्यांच्या समाधानासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने १८५० साली पळपुट्या गुलामांचा कायदा केला. त्यानुसार पळून आलेल्याला कुठल्याही राज्यात पकडून मालकाच्या हवाली करता येई. त्याला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. मदत करणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निवाडा करणार केंद्राने नेमलेला कमिशनर. त्याने माणूस परत पाठवला तर मेहनताना १० डॉलर आणि सोडून दिला तर ५ डॉलर. परत पाठवायचे तर कागदपत्रांचे काम वाढते, असे त्याचे समर्थन करण्यात येई. नोकरीचा जन्म बँकेत गेल्यामुळे असल्या फरकाकडे माझी नजर आधी जाते. दुप्पट आकाराचे हे कमिशन कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते, टेबलाखालचे नव्हते.

याच्या उलट बाजूला राज्याचा एक कायदा होता. १८४२ साली प्रिग खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुधारी निकाल दिला होता. राज्यांना केंद्राच्या आड येता येणार नाही, पण केंद्राचे काम राज्याच्या अधिकाऱ्यांनी केलेच पाहिजे अशी सक्तीही करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. ही फट धरून मॅसॅच्युसेट्सने १८४३ मध्ये आपले अधिकारी आणि आपले तुरुंग या कामाला देण्याची मनाई केली. म्हणूनच बर्न्सला तुरुंगात न ठेवता न्यायालयाच्या इमारतीतल्या, केंद्र सरकारने भाड्याने घेतलेल्या खोल्यांत पहाऱ्यात ठेवावे लागले. आजच्या अभयनगरांचे बीज मला त्या भाड्याच्या खोल्यांत दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिचर्ड हेन्री डेना हा वकील तिथे पोहोचला आणि त्याने फुकट वकीलपत्र घेण्याची तयारी दाखवली. बर्न्स आधी कबूलच होईना. लढून हरलो तर परत गेल्यावर त्याची वसुली पाठीवर होणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. बाहेरच्या गर्दीला तत्त्व दिसत होते आणि आत बसलेल्या वीस वर्षांच्या पोराला चाबूक दिसत होता. अखेर कृष्णवर्णीयांच्या चर्चचे धर्मगुरू लेनर्ड ग्राइम्स आणि इतरांनी धीर दिल्यावर तो लढायला तयार झाला.

२६ मेच्या रात्री फॅन्यूइल हॉलमध्ये प्रचंड सभा झाली. तिकडे भाषणे चालू असतानाच काही गोऱ्या आणि काळ्या लोकांनी मिळून लाकडाच्या ओंडक्याने न्यायालयाचे दार फोडले. धुमश्चक्रीत जेम्स बॅचेल्डर नावाचा पहारेकरी ठार झाला आणि हल्ला फसला. तो पहारेकरीही पोटासाठी उभा असलेला साधा गाडीवानच होता, हे विसरता कामा नये. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पीयर्स यांनी वॉशिंग्टनहून तारेने खर्चाची मोकळीक दिली आणि शहरात सैन्य आले.

दरम्यान ग्राइम्स दारोदार फिरून वर्गणी गोळा करत होते. सटलने १२०० डॉलरला बर्न्सला विकायचे कबूल केले. शनिवारी रात्री पैसे जमले, कागद तयार झाला, पण केंद्राचा वकील बेंजामिन हॅलेट याने फाटे फोडत वेळ काढला. मध्यरात्र उलटली, रविवार लागला. रविवारी व्यवहार करणे कायद्याने मना. सोमवारी सटलचे मन फिरले होते.

२ जून १८५४ रोजी कमिशनर एडवर्ड लोरिंग याने निकाल दिला. बर्न्स रिचमंडहून पळाला असे सटलची बाजू ज्या तारखेला सांगत होती, त्याच्या आधीपासून तो बॉस्टनमध्ये काम करत होता, असे अनेकांनी शपथेवर सांगितले होते. पण लोरिंगने पहिल्या रात्रीचे ते अदबीचे शब्द ग्राह्य धरले. त्या दुपारी सशस्त्र सैनिकांच्या चौकोनात, तोफेसह, बर्न्सला स्टेट स्ट्रीटवरून धक्क्याकडे चालवत नेले. दोन्ही बाजूंना सुमारे पन्नास हजार माणसे उभी होती. इमारतींवर काळी कापडे लटकत होती आणि रस्त्यावर एक शवपेटी टांगलेली होती. तिच्यावर स्वातंत्र्य हा शब्द लिहिला होता. याच रस्त्यावर १७७० साली इंग्रजांच्या गोळीबारात क्रिस्पस ॲटक्स हा कृष्णवर्णीय पहिल्या बळींमध्ये पडला होता. एका माणसाच्या पाठवणीवर झालेला खर्च ४०,००० डॉलरच्या आसपास गेला असे सांगतात.

या सगळ्या नाट्यात माझे लक्ष वेधतो तो जोसेफ हेज नावाचा शहर पोलिसांतला एक कप्तान. महापौराने मिरवणुकीच्या बंदोबस्ताला पोलीस आणि राज्याची फौज दिली, तेव्हा हेजने त्याच दिवशी राजीनामा दिला. वरून आलेल्या परिपत्रकावर सही करून ते खाली पाठवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनाच अशा राजीनाम्याची किंमत कळेल. लोरिंगही दुष्ट माणूस नव्हता. कायदा जसा आहे तसा राबवणे हेच आपले काम, असे तो मानत होता. हेज आणि लोरिंग, दोघांनाही आपापले कर्तव्यच दिसत होते.

बर्न्सला रिचमंडच्या गुलाम-व्यापाऱ्याच्या कोठडीत चार महिने बेड्यांत ठेवले. मग नॉर्थ कॅरोलायनातल्या मॅकडॅनियल नावाच्या मळेवाल्याने त्याला ९०५ डॉलरला विकत घेतले. तिथे तो गाडी हाकत असल्याचा सुगावा बॉस्टनला लागला. ग्राइम्स यांनी पुन्हा झोळी फिरवली आणि १८५५ च्या सुरुवातीला बाल्टिमोरमध्ये १३०० डॉलर मोजून त्याला सोडवले. ९०५ ला घेतलेला माल काही महिन्यांत १३०० ला गेला. मॅकडॅनियलच्या वहीत तो फायद्याचा व्यवहार म्हणून लिहिला गेला असणार.

सुटल्यावर एका प्रदर्शनवाल्याने त्याला पैसे देऊन लोकांना दाखवायचा घाट घातला. बर्न्सने साफ नकार दिला. व्हर्जिनियातल्या आपल्या जुन्या चर्चकडे त्याने सदस्यत्वाचा रीतसर दाखला मागितला, तर मालकाला सोडून पळाल्याच्या पापाबद्दल चर्चने त्याला बहिष्कृत केले. त्याने लेखी उत्तर दिले. आपली चोरी तर आपण जन्मलो तेव्हाच झाली, आपण फक्त स्वतःला परत घेतले, असा त्याचा युक्तिवाद होता. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात तो शिकला, धर्मगुरू झाला. इंडियानात काही काळ काम केले, पण तिथले कृष्णवर्णीयांविरुद्धचे कायदे आड आले. शेवटी कॅनडातल्या सेंट कॅथरिन्स गावी झायन बॅप्टिस्ट चर्चमध्ये तो स्थिरावला आणि १८६२ च्या जुलैत, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, क्षयाने गेला.

त्याच्या पाठवणीने बॉस्टन मात्र बदलले. दक्षिणेच्या कापसावर गिरण्या चालवणारे अमोस लॉरेन्स यांच्यासारखे सनातनी श्रीमंत एका रात्रीत गुलामगिरीचे शत्रू झाले. १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने अधिक कडक कायदा केला. पकडलेल्याला ज्यूरी मिळावी आणि राज्याच्या अधिकाऱ्याने या कामात पडू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. १८५८ मध्ये लोरिंगला राज्याच्या न्यायाधीशपदावरून काढले. लगेच केंद्राने त्याला वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश नेमले! बर्न्सनंतर मॅसॅच्युसेट्समधून कुणालाही त्या कायद्याखाली परत पाठवले गेले नाही. पण १८६० साली संघराज्यातून फुटताना साउथ कॅरोलायनाने ज्या तक्रारी मांडल्या, त्यांत उत्तरेच्या याच कायद्यांचा पाढा होता. १८५० चा कायदा रद्द झाला तो १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना.

आजच्या वादाला ही गोष्ट जशीच्या तशी चिकटवता येणार नाही. परवानगीवाचून सीमा ओलांडणे आणि गुलामीतून पळणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या सीमेवर कोण येणार हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला असतो. साम्य आहे ते यंत्रणेत. अभयनगर कुणाला लपवून ठेवत नाही. शिबी राजासारखे मांडीचे मांसही कापून देत नाही. ते फक्त आपला हात काढून घेते. लॉस एंजेलिसने १९७९ मध्ये असा आदेश काढला तो तर पोलीस खात्यानेच. फिर्याद द्यायला गेलो तर आपल्यालाच पकडतील, या भीतीने परदेशी माणूस चौकीची पायरीच चढणार नाही, ही त्यामागची चिंता. विरोधकांचेही म्हणणे पोकळ नाही. गुन्हा केलेला माणूस केंद्राच्या ताब्यात न देता सोडला आणि त्याने पुन्हा कुणाचे घर उद्ध्वस्त केले तर जबाबदार कोण? शिवाय गावाला नावडता कायदा बाजूला ठेवायची मुभा दिली, तर ती चांगल्या गावाला मिळेल तशी वाईट गावालाही मिळेल. १९५७ मध्ये आर्कान्सासच्या गव्हर्नरने काळ्या मुलांना शाळेत येऊ दिले नाही, ते राज्याच्या अधिकाराच्याच नावाने.

१९९७ मध्ये बंदुकांसंबंधीच्या एका खटल्यात, प्रिंट्झ प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की केंद्राला स्थानिक अधिकाऱ्यांना वेठीला धरता येणार नाही. २०१७ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की केवळ परदेशी नागरिकांच्या खात्याच्या विनंतीवरून कुणाला डांबून ठेवण्याचा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्यांना नाही. मार्च २०२५ मध्ये याच प्रश्नावर जाब द्यायला आणखी तीन महापौरांसह वॉशिंग्टनला बोलावले गेले ते बॉस्टनच्या महापौर मिशेल वू यांना. त्या स्वतः तैवानहून आलेल्या आईबापांची मुलगी.

आपला या कथेशी एक जुना धागा आहे. बर्न्स गेल्यानंतर अकरा वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. ग्राइम्स, डेना, हेज ही नावे जोतीरावांच्या कानी गेली असोत वा नसोत, अर्पणपत्रिकेत त्यांचा वाटा आहेच.

पुढच्या खेपेला मुलाकडे बॉस्टनला जाल, तेव्हा स्टेट स्ट्रीटवरून बंदरापर्यंत एकदा पायी चालत जा. अंतर फार नाही, दहा-पंधरा मिनिटांचे. बर्न्सला मात्र त्या दिवशी ते फार लांबचे वाटले असेल.